नाव भिक्षूचं, गल्ला कुणाचा?

दक्षिण अमेरिकेत एक हिरवा पोपट आहे. कपाळ आणि छाती राखाडी, आवाज कर्कश, आणि शेजाराची हौस दांडगी. पोपटांच्या सगळ्या जमातीत काटक्या रचून घरटं बांधणारा हा एकटाच, आणि तेही एका जोडीपुरतं बांधत नाही. काटक्यांच्या एकाच ढिगात प्रत्येक जोडीची वेगळी खोली, वेगळं दार. वर्षागणिक खोल्या वाढतात आणि ढीग अवाढव्य होतो. पिंजऱ्यांतून सुटून तो स्पेनमध्ये आणि अमेरिकेत पसरला, तर तिथे विजेच्या खांबांवरही त्यानं चाळी उभ्या केल्या. या गजबजलेल्या, अखंड बडबडणाऱ्या पाखराचं इंग्रजी नाव आहे 'मंक पॅराकीट', म्हणजे भिक्षू-पोपट. शास्त्रीय नावातही 'मोनाकस' आहेच. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ एकटा, एकांतात राहणारा.

नाव ठेवणाऱ्यानं पोपटाचं वागणं पाहिलं नाही. त्यानं पाहिली ती राखाडी टोपी, आणि त्याला डोक्यावर कुंची ओढलेला मठवासी आठवला. कुंची आपण तान्ह्या बाळाला घालतो, पण युरोपातल्या मठवाशांच्या झग्याला मागे जोडलेलं जे टोपडं असतं, त्याला मराठीत याहून जवळचा शब्द मला सापडत नाही.

गंमत म्हणून हे इथेच सोडून देता आलं असतं. पण भिक्षूचं नाव हल्ली पाखरांपेक्षा बाटल्यांवर, पाकिटांवर आणि मोबाइलच्या अ‍ॅपवर जास्त दिसतं, आणि तिथे नाव ठेवणाऱ्यानं नेमकं काय पाहिलं होतं हे विचारावंसं वाटतं. माझं म्हणणं असं आहे: भिक्षूच्या कपड्यावरून नाव उचललं तर कुणाचं काही बिघडत नाही. त्याच्या व्रतावरून नाव उचलून माल विकला, तर त्या व्रताचा हिशेब मागितला पाहिजे. आणि तो भावना दुखावलेला भाविक म्हणून मागण्यापेक्षा पैसे मोजणारा गिऱ्हाईक म्हणून मागावा.

आधी कपड्यांकडे पाहू, कारण तिथला पसारा मोठा आणि मजेचा आहे. ख्रिस्ती साधूंच्या फ्रान्सिस्कन परंपरेतल्या एका कडक शाखेला १५२८ साली पोपची मान्यता मिळाली. लांब टोकदार कुंची ही त्यांची खूण. इटालियनमध्ये कुंचीला 'कापुच्चो' म्हणतात, म्हणून हे कापुचिन. पुढे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या जंगलात गडद केसांची टोपी घातल्यासारखी माकडं दिसली, तीही कापुचिन झाली. व्हिएन्नात दूध घातलेल्या कॉफीला त्यांच्या तपकिरी झग्याच्या रंगावरून 'कापुत्सिनर' म्हणत. इटलीत तिचं कॅपुचिनो झालं. आज जिला लोक फेसावरून ओळखतात तिचं नाव मुळात रंगावरून पडलेलं आहे. जी माणसं अनवाणी फिरत आणि भिक्षेवर जगत, त्यांच्या नावाची कॉफी आता विमानतळांवर मिळते. मला यात दुःख करण्यासारखं काही वाटत नाही. तो रंग खरोखरच तसा होता.

काटेकोर बोलायचं तर कापुचिन हे मंक नव्हेतच. ते फ्रायर. मंक एका मठाशी बांधलेला असतो, भिंतीआड राहतो. फ्रायर गावोगाव हिंडतो आणि लोकांनी दिलेल्यावर भागवतो. म्हणजे आपला 'भिक्खू' अर्थानं फ्रायरच्या जवळचा, तरी जगभर त्याचं भाषांतर 'बुद्धिस्ट मंक' असंच होतं. मागून खाणाऱ्याला 'एकटा' म्हणायचं! आपल्याकडचे शब्द पाहा. भिक्षू मागतो, संन्यासी टाकून देतो, श्रमण श्रम करतो, मुनी म्हटलं की मौन आलंच, आणि बैराग्याचा राग, म्हणजे आसक्ती, गेलेली असते. यातला एकही शब्द कपड्यावरून आलेला नाही. (श्वेतांबर आणि दिगंबर हे अपवाद, पण ती पंथांची नावं आहेत आणि तिथे वस्त्र हाच वादाचा मुद्दा होता.) हे सगळे शब्द इंग्रजीत जाऊन एका 'मंक'मध्ये विरघळले, आणि आता तिथूनच ते एकरंगी होऊन परत येताहेत.

योहान हर्मान या निसर्ग-अभ्यासकानं १७७९ साली भूमध्य समुद्रातल्या सीलचं वर्णन करताना त्यालाही 'मोनाकस' म्हटलं. मानेवरच्या वळ्यांत त्याला कुंची दिसली असावी. हे सील पूर्वी उघड्या किनाऱ्यांवर कळपानं पहुडलेले असत, असं जुन्या वर्णनांत सापडतं. शिकार इतकी झाली की उरलेल्यांनी समुद्रातल्या गुहांचा आसरा घेतला. नाव आधी पडलं, एकांत मागून आला. कॅरिबियन समुद्रातला त्याचा भाऊबंद शेवटचा खात्रीनं दिसला १९५२ मध्ये, आणि २००८ मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं. हवाई बेटांजवळचा तिसरा अजून आहे, जेमतेम दीड हजारांच्या आसपास. मठवाशांच्या नावाची काळजी वाहणाऱ्यांनी काही वेळ या सीलची वाहिली असती तर बरं झालं असतं.

बाकीची यादी भरभर. युरोप-आशियातल्या काळ्या गिधाडाच्या शास्त्रीय नावात मोनाकस आहे. बचनागाच्या कुळातल्या एका झाडाला कुंचीच्या आकाराची निळी-जांभळी फुलं येतात, त्याला इंग्रजीत 'मंक्सहूड' म्हणतात. त्याच्या मुळात अ‍ॅकोनिटीन हे जीवघेणं विष असतं. इंग्लंडातले जुने छापखानेवाले पानावर शाईचा काळा डाग पडला तर त्याला 'मंक' म्हणत, आणि शाई न लागून पांढुरका पट्टा राहिला तर 'फ्रायर'. मुडदे खाणारा पक्षी, विषारी झाड, छपाईतली चूक. एवढं सगळं असून यातल्या कशाविरुद्ध कुणी मोर्चा काढल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

म्युनिकची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. ११५८ साली या गावाचा उल्लेख 'मठवाशांपाशी' अशा अर्थाच्या नावानं येतो. शहराच्या मुद्रेवर कुंची घातलेला मठवासी होता. शतकानुशतकं चित्रकार ती मुद्रा पुन्हा पुन्हा काढत गेले आणि मठवाशाचं हळूहळू लहान मूल होत गेलं. कुंचीतला चेहरा बाळासारखा दिसणं आपल्याला तरी नवल वाटायला नको. आज त्याचं नावच 'म्युनिकचं बाळ' आहे, आणि दरवर्षीच्या बिअर-उत्सवात ती भूमिका एक तरुणी करते, हातात मद्याचा मग घेऊन. मठवासी ते बाळ, बाळ ते तरुणी! भाषा आणि चित्रं अशीच चालतात. त्यांना वेसण घालायला निघालेल्याच्या हाती काही लागत नाही.

कधीकधी तर नात्याचा भासच असतो. तिबेटी 'लामा' म्हणजे गुरू. अँडीज पर्वतातला लोकरीचा लामा हा केचुआ भाषेतला शब्द, त्याचा तिबेटशी काडीचा संबंध नाही. इंग्रजी लिपीत दोघांत एका अक्षराचा फरक तरी आहे. देवनागरीत तोही नाही, त्यामुळे मराठी वाचकाला संदर्भावरूनच ओळखावं लागतं की मथळ्यातला लामा प्रवचन देतो की ओझं वाहतो. आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचं एक मॉडेलही सामील झालंय.

आता दुसरी जात. इथे माझा सूर बदलतो.

दक्षिण चीनमधल्या ग्वांग्शी प्रांतात एका वेलीला लिंबाएवढं गोल फळ येतं. चिनी नाव 'लोहान ग्वो'. लोहान म्हणजे आपला अर्हत. संस्कृत शब्द चिनी तोंडात शिरून असा झाला. अर्हत हे बौद्ध साधनेतलं फार वरचं पद, सगळे क्लेश संपलेला माणूस. इंग्रजी बाजारात त्याचं 'मंक फ्रूट' झालं. फळातल्या मोग्रोसाइड या घटकांमुळे त्याचा अर्क साखरेपेक्षा शेकडो पट गोड असतो, पण कॅलरी जवळपास नाहीत. फळ उत्तम आहे, माझं त्याच्याशी वैर नाही. पण 'मंक फ्रूट' लिहिलेल्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचली तर बऱ्याचदा पहिला घटक एरिथ्रिटॉल नावाचं दुसरंच गोड द्रव्य निघतं. अर्क इतका गोड असतो की तो चिमूटभरच लागतो. पाकीट भरायला दुसरं काही घालावंच लागतं. पुढच्या बाजूला मात्र संन्याशाचं नाव आणि शांत डोंगराचं चित्र. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण अशाच पाकिटांसाठी असावी.

इथे कपड्याचा रंग किंवा कुंचीचा आकार उसना घेतलेला नाही. उसनं घेतलंय ते संयमाचं वजन. ज्याला लोभ नाही तो फसवणार नाही, या समजुतीवर माल उभा आहे. 'झेन' या शब्दाचं तर काय सांगावं. ध्यानचं चीनमध्ये चान झालं, जपानमध्ये झेन झालं, आणि आता ते साबण, गाड्या, खुर्च्या आणि मोबाइल फोनच्या सेटिंगला चिकटवलं जातं.

थेरवादी या बौद्ध पंथाच्या भिक्खूंचे नियम २२७. त्यातले पहिले चार इतके गंभीर की मोडले तर माणूस भिक्खू राहतच नाही. मैथुन, चोरी, मनुष्यहत्या हे तीन कुणालाही सुचतील. चौथा मला कायम थांबवतो: जी आध्यात्मिक अवस्था आपल्याला लाभलेली नाही ती लाभली असं जाणूनबुजून सांगणं. खोटा दावा हा खुनाच्या पंक्तीला बसवलाय. का, ते समजणं अवघड नाही. लोक भिक्खूच्या पात्रात अन्न घालतात ते विश्वासावर, आणि खोटा दावा त्या विश्वासावरच दरोडा घालतो. हाच दावा एखाद्या बरणीनं केला तर तिला मात्र आपण जाहिरात म्हणून सूट देतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की मठवासी स्वतः कुठे बाजारापासून दूर होते? आक्षेप खरा आहे. अठराव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातले दशनामी गोसावी मोठे व्यापारी आणि सावकार होते, त्यांच्या काही आखाड्यांच्या फौजाही होत्या. युरोपातले मठ शेती करत, चीज बनवत, मद्य गाळत. सहाव्या शतकात बेनेडिक्ट या ख्रिस्ती साधूनं मठांसाठी घालून दिलेल्या नियमावलीत हातानं काम करणं हा दिनक्रमाचाच भाग आहे. पण त्याच नियमावलीचं ५७ वं प्रकरण मठातल्या कारागिरांविषयी आहे, आणि तिथे सांगितलंय की मठाचा माल बाहेरच्या लोकांपेक्षा थोडा स्वस्त विकावा, म्हणजे लोभाला शिरकाव होणार नाही. मठाचं नाव आहे म्हणून किंमत कमी! आजचा बाजार याच्या बरोबर उलटा चालतो. मठाचं नाव आहे म्हणून किंमत जास्त. तेव्हा विक्री हा मुद्दाच नाही. नावाचा वापर भाव उतरवायला होतो की चढवायला, इथे पाहावं.

बेल्जियममधल्या वेस्टफ्लेटेरेनच्या मठात हे अजून घडताना दिसतं. तिथली बिअर जगातल्या उत्तमांत गणली जाते. मागणी प्रचंड असूनही मठवासी उत्पादन वाढवत नाहीत, आधी नोंदणी करणाऱ्यालाच देतात, आणि पुढे विकू नका असं सांगतात. २०१८ मध्ये नेदरलंड्समधल्या एका सुपरमार्केट साखळीनं कुठून तरी साठा मिळवून बाटली जवळजवळ १० युरोला विकायला ठेवली. मठात तीच २ युरोंच्या आसपास मिळत होती. मठवासी नाराज झाले. उरलेले आठ युरो कुणाच्या व्रताचे, हे त्या साखळीनं सांगितलं नाही.

नाव एकीकडे आणि व्रत दुसरीकडे झालं की काय होतं, हे पाहायचं तर फ्रान्समधल्या कार्थूजिअन मठाकडे जावं. १०८४ साली ब्रूनो नावाच्या साधूनं आल्प्समधल्या शार्त्रूज डोंगरात हा पंथ सुरू केला. मौन आणि एकांत याबाबत ख्रिस्ती पंथांत यांच्याइतकं कडक कुणी नाही. १३० वनस्पतींपासून ते एक हिरवं मद्य बनवतात. कृती फक्त दोघांना माहीत असते. त्या मद्यावरून एका पिवळट हिरव्या रंगालाच शार्त्रूज म्हणू लागले. १९०३ मध्ये फ्रेंच सरकारनं मठवाशांना देशाबाहेर काढलं, मठाची मालमत्ता जप्त केली आणि नावाचा हक्क विकून टाकला. मठवासी स्पेनमधल्या तारागोना शहरात गेले आणि तिथे तेच मद्य बनवू लागले, पण बाटलीवर आपलंच नाव त्यांना नीट लावता येईना. इकडे फ्रान्समध्ये नाव विकत घेतलेल्या कंपनीकडे नाव होतं, कृती नव्हती. ती कंपनी १९२९ मध्ये बुडाली. गावातल्या काही धंदेवाइकांनी तिचे मातीमोल शेअर घेऊन मठवाशांना भेट दिले, आणि नाव घरी आलं.

पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हे मद्य पुन्हा फॅशनमध्ये आलं, मागणी वाढली, आणि मठवाशांनी २०१९ मध्ये ठरवलं की उत्पादन वाढवायचं नाही. प्रार्थनेला आणि एकांताला वेळ उरला पाहिजे. २०२३ च्या सुरुवातीला हे जाहीर झालं तेव्हा दुकानदार हवालदिल झाले. कुठल्याही कंपनीच्या संचालक मंडळात असा ठराव मांडणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवतील.

याच्या शेजारी बेनेडिक्टीन ठेवा. १८६३ मध्ये फेकाँ गावचे मद्यव्यापारी अलेक्सांद्र ल ग्रां यांनी हे मद्य बाजारात आणलं. आपल्याला जुन्या मठातलं हस्तलिखित सापडलं आणि त्यातली कृती सोळाव्या शतकातल्या एका बेनेडिक्टीन साधूची, असं ते सांगत. बाटलीवर देवाच्या स्तुतीची लॅटिन आद्याक्षरंही छापली. मद्य चांगलं आहे म्हणतात. पण तो मठ फ्रेंच राज्यक्रांतीतच बंद पडला होता. धंदा पहिल्या दिवसापासून व्यापाऱ्याचाच. दोन्ही बाटल्या एकाच फळीवर असतात, दोन्हींवर मठाचं नाव, आणि गिऱ्हाइकाला फरक कळायला काहीही मार्ग नाही.

मार्ग एकाच पंथानं काढला, बेनेडिक्टची नियमावली कडकपणे पाळणाऱ्या ट्रॅपिस्टांनी. १९९७ मध्ये त्यांच्या मठांनी संघटना स्थापन केली आणि एक षटकोनी शिक्का तयार केला. अटी तीन: माल मठाच्या आवारात किंवा लगत तयार व्हावा, त्यावर मठवाशांची देखरेख असावी, आणि नफा मठाच्या गरजा भागवून दानधर्मात जावा. हा शिक्का इतरांना तर अडवतोच, पण त्याआधी स्वतःला बांधतो. चीनच्या शाओलिन मठानंही १९९८ मध्ये कंपनी काढली आणि आपल्या नावाचे ट्रेडमार्क नोंदवले. दोन्हींत फरक आहे. ट्रेडमार्क फक्त विचारतो, मालक कोण? नाव मालकाच्या हाती आलं की मालक त्याचं काय करतो हे कुणी पाहायचं, याचं उत्तर ट्रेडमार्क देत नाही.

मग कुणी म्हणेल, कायदाच करा ना, संन्यासवाचक शब्द धंद्यात वापरायला बंदी घाला. मी त्याच्या पूर्ण विरोधात आहे. एकदा 'भावना' हा निकष झाला की पहिला बळी खोटं पाकीट ठरणार नाही, विनोदी लेखक ठरेल. आणि मग थेलोनियस मंक या थोर जॅझ पियानोवादकाच्या आडनावाचं काय करायचं? बेल्जियन खगोलशास्त्रज्ञांनी आपल्या दुर्बिणीच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं मुद्दाम 'ट्रॅपिस्ट' होतील अशी जुळवली. त्याच दुर्बिणीचं नाव मिळालेल्या, ४० प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याभोवती पृथ्वीएवढे सात ग्रह असल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं. मठवाशांच्या नावाला याहून दूरचा आणि याहून शांत पत्ता मिळाला नसेल. त्यातून कुणी पैसे उकळत नाही, कुणाला फसवत नाही.

म्हणून माझी मागणी छोटी आहे, कंटाळवाणी म्हणावी इतकी. भिक्षू, मठ, आश्रम, झेन, लामा, जे हवं ते नाव लावा. पण नावाबरोबर वस्तूच्या पावित्र्याचा, साधेपणाचा किंवा परंपरेचा दावा करत असाल, तर पाकिटावर त्याच आकाराच्या अक्षरांत तीन गोष्टी छापा: हे कुणी बनवलं, कुठे बनवलं, नफा कुणाकडे जातो. कापुचिन माकडाला यातलं काही लागू होत नाही, कॅपुचिनोलाही नाही. कॉफीचा कप स्वतःला तपस्वी म्हणवत नाही. एखाद्या चालू धार्मिक संस्थेनं स्वतः धंदा काढला तर तिलाही हाच नियम, आणि तिला तो अधिक कडकपणे लावावा असं मला वाटतं, कारण तिच्याकडे नाव आणि श्रद्धा दोन्ही आयती आहेत.

बातम्या देणाऱ्यांनाही थोडं सांगायचंय. २००७ मध्ये म्यानमारमधले भिक्खू लष्करी राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरले, तेव्हा जगभरच्या माध्यमांनी त्याला 'भगवी क्रांती' म्हटलं. तिथले बहुतेक भिक्खू गडद मरून चीवर घालतात. छायाचित्रं समोर होती, रंग दिसत होता, तरी नाव डोक्यात आधीच तयार असलेल्या 'मंक'च्या रंगाचं पडलं. पोपटाला नाव देणाऱ्यानं निदान त्याचा रंग तरी नीट पाहिला होता.

ट्रॅपिस्टांच्या अटींची परीक्षा अलीकडेच झाली. बेल्जियमच्या सीमेवरच्या आखेल मठात बिअर बनत असे. मठवासी म्हातारे झाले, नवे कुणी येईनात, आणि शेवटचे होते तेही मठ सोडून गेले. भट्टी तीच, कृती तीच, कामगारही तेच होते. तरी जानेवारी २०२१ मध्ये षटकोनी शिक्का काढून घेतला गेला, कारण आवारात मठवासी उरले नव्हते. दोन वर्षांनी मठ आणि भट्टी एका खासगी उद्योजकाकडे गेली, आणि 'ट्रॅपिस्ट' हा शब्दही बाटलीवरून निघाला. बिअर अजून बनते. तिचं नाव आता नुसतं आखेल आहे.